ब्राझीलमधल्या कांदोम्ब्ले धर्मात देवाला खरंच पॉपकॉर्न वाहतात का?

हो, वाहतात. फक्त सिनेमाच्या मध्यंतरातलं पॉपकॉर्न डोळ्यापुढे आणू नका, लाह्या म्हणा. मीठ नाही, लोणी नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तेलही नाही. आपल्याकडे भट्टीवर फोडतात तशा तापलेल्या वाळूत फोडतात.

ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात राहत असताना सोमवारी साओ लाझारोच्या चर्चबाहेर मी हे पाहिलंय. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका लाह्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. समोर कुणी येऊन उभं राहिलं की डोक्यावरून, खांद्यांवरून मूठ मूठ लाह्या टाकतात आणि पुटपुटत पाल्याने अंग झाडतात. सांडलेल्या लाह्या कुणी तोंडात टाकत नाही.

त्या ओमोलूच्या. हा देवीच्या रोगाचा, साथींचा ओरिशा, म्हणजे कांदोम्ब्लेतला देव. आजार देणारा तोच आणि उतरवणाराही तोच. त्याच्या अंगभर फोड, म्हणून तो डोक्यापासून गवताचा झगा घालून कोपऱ्यात बसायचा. वाऱ्याची देवता इयान्सां नाचता नाचता आली, झगा उडाला आणि फोडांच्या लाह्या होऊन उधळल्या. म्हणून लाह्यांना त्याची फुलं म्हणतात. ऑगस्टमधल्या ओलुबाजे या त्याच्या सणाला त्याचा प्रसाद एरंडाच्या पानावर वाढतात.

लाह्यांचे फोटो जास्त फिरतात, पण माझ्या मते मक्याचा खरा मान अकासाला आहे. पांढरा मका भिजवून वाटायचा, अळणीच घट्ट होईपर्यंत घोटायचा आणि विस्तवावर शेकून मऊ केलेल्या केळीच्या पानात बांधायचा. दिसायला अगदीच साधा, पण तो सगळ्याच ओरिशांना चालतो. ओशालाला मीठ आणि लाल पाम तेल वर्ज्य, त्यामुळे त्याला नुसता उकडलेला पांढरा मका. शिकारी ओशोसीला पिवळा मका, वर खोबऱ्याचे काप.

गंमत म्हणजे मका मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या काळात तो पश्चिम आफ्रिकेत गेला, तिथे योरुबा लोकांनी त्याचा एको नावाचा पदार्थ करायला घेतला, आणि गुलाम करून ब्राझीलला आणलेल्या माणसांबरोबर तीच कृती अकासा होऊन समुद्र ओलांडून परत आली.

ब्राझीलमध्ये रस्त्यावर तळून विकतात ते आकाराजे मात्र यात धरू नका. तो इयान्सांचा नैवेद्य, पण चवळीचा.