एक्सपाथमधील चौकटी कंसातली अट नेमकी कोणत्या रांगेला लागते?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. ग्रंथालयाच्या एक्सएमएल फाइलवर (म्हणजे टॅगांत बांधलेल्या माहितीच्या फाइलवर) एक्सपाथ या, अशा फाइलमधले भाग निवडण्याच्या भाषेतली //पुस्तक[१] ही क्वेरी चालवल्यावर एकच पुस्तक यायला हवे होते, पण तीन आली. भाषेची अट आणि क्रमांकाची अट यांची अदलाबदल केली की उत्तर बदलते. आणि किमतीवर लावलेल्या अटीतून एकही पुस्तक येत नाही, तरी कोणतीही चूक दाखवली जात नाही. एक खुलासा आधीच करतो. या उत्तरात मी फंक्शनांची नावे आणि क्वेरीतले आकडे देवनागरीत लिहिले आहेत, पण प्रत्यक्ष क्वेरीत ते रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहावे लागतात. टॅगची आणि ॲट्रिब्यूटची (टॅगच्या आत लिहिलेल्या गुणधर्माची, जसे भाषा; क्वेरीत त्याच्या आधी @ लागते) नावे मात्र देवनागरीत खुशाल चालतात.

समजा, फाइल अशी आहे:

<ग्रंथालय>
  <कपाट><पुस्तक भाषा="मराठी"/><पुस्तक भाषा="हिंदी"/><पुस्तक भाषा="मराठी"/></कपाट>
  <कपाट><पुस्तक भाषा="हिंदी"/><पुस्तक भाषा="मराठी"/><पुस्तक भाषा="मराठी"/></कपाट>
  <कपाट><पुस्तक भाषा="मराठी"/></कपाट>
</ग्रंथालय>

चौकटी कंसातल्या अटीला प्रेडिकेट म्हणतात आणि ते संपूर्ण क्वेरीला नव्हे, तर ज्या पायरीला चिकटलेले असते त्या पायरीलाच लागू होते. दुहेरी तिरकी रेघ हे एक संक्षिप्त रूप आहे. ते उलगडले तर दोन पायऱ्या दिसतात: आधी मूळ नोड (फाइलमधल्या प्रत्येक घटकाला नोड म्हणतात) आणि त्याचे सर्व वंशज घ्यायचे, मग त्यांपैकी प्रत्येकाची थेट अपत्ये असलेली पुस्तके घ्यायची. तुमचा [१] या दुसऱ्या पायरीला चिकटला आहे, त्यामुळे पुस्तकांची मोजणी प्रत्येक कपाटात नव्याने सुरू होते आणि तीन कपाटांतून प्रत्येकी पहिले अशी तीन पुस्तके हाती येतात. संपूर्ण फाइलमधले पहिले पुस्तक हवे असेल तर (//पुस्तक)[१] असे लिहावे. गोल कंसामुळे आधी सातही पुस्तकांची एक रांग लागते आणि मग तिच्यातले पहिले उचलले जाते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एक्सपाथ १.० च्या मूळ दस्तऐवजात याच घोटाळ्याविषयी स्वतंत्र टीप आहे, यावरून तो किती जुना आहे हे कळेल.

अदलाबदलीचे कारणही याच रांगेत आहे. प्रेडिकेटे डावीकडून उजवीकडे लागतात आणि प्रत्येक प्रेडिकेटनंतर उरलेल्या नोडना नवे क्रमांक मिळतात. //पुस्तक[@भाषा='मराठी'][२] या क्वेरीत प्रत्येक कपाटातली हिंदी पुस्तके आधी बाजूला होतात आणि उरलेल्यांपैकी दुसरे निवडले जाते; म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या कपाटातले शेवटचे पुस्तक, अशी दोन पुस्तके येतात. //पुस्तक[२][@भाषा='मराठी'] मध्ये मात्र कपाटातले दुसरे पुस्तक आधी उचलले जाते आणि नंतर त्याची भाषा तपासली जाते; पहिल्या कपाटात ते हिंदी निघते, तिसऱ्यात दुसरे पुस्तकच नाही, त्यामुळे फक्त दुसऱ्या कपाटातले एक पुस्तक उरते. मागे पाहणाऱ्या अक्षांवर (अक्ष म्हणजे नोडपासून शोधाची दिशा), उदाहरणार्थ प्रिसीडिंग-सिब्लिंग वापरताना, मोजणी उलटी होते आणि [१] म्हणजे सर्वांत जवळचा आधीचा भाऊ ठरतो. तीच पायरी गोल कंसात घातली की मोजणी पुन्हा दस्तऐवजाच्या क्रमाने होते.

कंसातल्या मजकुराचे मूल्य कोणत्या प्रकारचे निघते, याकडेही लक्ष द्यावे लागते. संख्या निघाली तर तिची तुलना नोडच्या क्रमांकाशी होते, म्हणजे [२] हे [पोझिशन() = २] याचेच लघुरूप आहे. संख्येखेरीज काहीही निघाले तर त्याचे खरे किंवा खोटे यांत रूपांतर होते, आणि नोडच्या संचाचे रूपांतर करताना संच रिकामा आहे की नाही एवढेच पाहिले जाते. म्हणून [@उपलब्ध] या अटीतून उपलब्ध="नाही" असे लिहिलेले पुस्तकही सहीसलामत पुढे जाते, कारण ॲट्रिब्यूट तेथे आहे. कपाटावर निवड="2" लिहून पुस्तक[../@निवड] असे मागितले तरी दुसरे पुस्तक मिळत नाही, सगळी मिळतात, तेथे [नंबर(../@निवड)] असेच लिहावे लागते.

तुमच्या प्रश्नात नकारार्थी अट नाही, पण ती लवकरच लागेल म्हणून सांगतो. एका पुस्तकाला इतिहास आणि चरित्र असे दोन विषय असतील, तर [विषय != 'इतिहास'] ही अट त्याला अडवत नाही, कारण 'इतिहास' नसलेला एक तरी विषय असणे तिला पुरेसे असते. शिवाय विषयच न नोंदवलेले पुस्तक या अटीत गळून पडते. इतिहासाची पुस्तके खरोखर वगळायची असतील तर [नॉट(विषय = 'इतिहास')] लिहावे. अशा ठिकाणी मी != हे चिन्ह वापरणे जवळजवळ सोडूनच दिले आहे.

आता किमतीची अट. तुम्ही दिलेल्या नमुन्यात <किंमत>२५०</किंमत> असे आहे आणि ते आकडे मराठी कळफलकावरचे आहेत. एक्सपाथला संख्या म्हणून फक्त इंग्रजी आकडे कळतात. देवनागरी आकड्यांचे रूपांतर 'संख्या नाही' अशा मूल्यात होते आणि त्या मूल्याशी केलेली लहानमोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते. म्हणून [किंमत > २००] मधून काहीच येत नाही, आणि [नॉट(किंमत > २००)] लिहिले तर सगळीच पुस्तके येतात, हे अधिक फसवे आहे. हजारांत स्वल्पविराम दिलेली किंमत इंग्रजी आकड्यांत असली तरी तिचेही असेच होते. एका वाचनालयाच्या यादीवर काम करताना माझी अख्खी दुपार यात गेली, कारण अर्ध्या किमती एका कळफलकावर आणि अर्ध्या दुसऱ्या कळफलकावर भरलेल्या होत्या. त्यामुळे क्वेरी काही पुस्तके देत होती आणि ती बरोबर चालते आहे असेच वाटत होते.

तुलनेपूर्वी ट्रान्सलेट() फंक्शनने दहाही देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या आणि त्याच फंक्शनात स्वल्पविराम काढून टाका. त्यासाठी बदलायच्या चिन्हांच्या यादीत स्वल्पविराम सर्वांत शेवटी लिहायचा आणि दुसऱ्या यादीत त्याच्यासमोर काहीच द्यायचे नाही. ब्राउझर आणि पायथन भाषेतले एक्सएमएल हाताळणारे साधन एलएक्सएमएल दोन्ही एक्सपाथ १.० च वापरतात, त्यामुळे तेथे ही चूक मूकच राहते. २००७ च्या एक्सपाथ २.० पासून मात्र याच तुलनेला रूपांतर फसल्याची त्रुटी येते, म्हणून तसे इंजिन हाताशी असेल तर क्वेरी एकदा त्यावर चालवून पाहा. खराब किमतीपाशी ती लगेच अडखळेल.