परीकथांवरचे अ‍ॅनिमेशन संगीतपट मोठ्या वयात नीट कसे पाहावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: वय पस्तीस, राहणं नागपुरात, परीकथांचे अ‍ॅनिमेशनपट मनापासून आवडतात, पण गाणी लागली की लक्ष उडतं आणि घरचे म्हणतात, ‘हे पोरांचं आहे.’

माझ्या मते यात वयाचा काही संबंध नाही. तुम्ही गाण्याला विसावा समजता, आणि या प्रकारात कथा गाण्यातच पुढे सरकते. वसंतराव देशपांडे सभागृहात ‘संगीत सौभद्र’ लागलं, तर सुभद्रा मध्येच का गायला लागली असं कोणी विचारत नाही. तोच कान इथे लावायचा.

सुरुवात १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’पासून करा. गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन आणि संगीतकार अ‍ॅलन मेंकन हे दोघेही न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीवरून आले होते आणि तिथली बांधणी त्यांनी सोबत आणली. सुरुवातीलाच नायिका तिला काय हवंय ते गाऊन सांगते. चाचणी खेळात लहान मुलं याच गाण्याला चुळबुळ करू लागली, म्हणून डिस्नी स्टुडिओच्या वरिष्ठांना ते कापायचं होतं. अ‍ॅशमन अडून बसले आणि गाणं राहिलं. मुलं जिथे कंटाळतात तिथेच मोठ्या प्रेक्षकाला सर्वांत जास्त मिळतं, हे मी ठामपणे म्हणेन. पुढे राजपुत्राला वाचवल्यावर तीच चाल परत येते. आधी तिला नुसतं जमिनीवरचं जग हवं होतं, आता त्या जगात एक माणूस आहे. नंतर चेटकिणीचं गाणं येतं. सौदा, करारावरची सही आणि आवाज गमावणं हे सगळं त्या एका गाण्यातच उरकतं. तेवढ्यात चहा ठेवायला उठलात, तर पुढचं काही कळणार नाही.

पहिल्यांदा सिनेमा न थांबवता सलग पाहा. दुसऱ्यांदा फक्त गाणी लावा आणि प्रत्येकाच्या आधी नि नंतर पात्राची स्थिती काय, हे एकेका ओळीत लिहा. दोन्ही ओळी सारख्याच आल्या, तर ते गाणं सजावटीचं, असं समजायला हरकत नाही. तिसऱ्यांदा पार्श्वसंगीत ऐका. नायिकेच्या गाण्याची सुरावट शब्दांशिवाय कुठे कुठे डोकावते ते शोधा. मधल्या काळात डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनची १८३७ ची मूळ कथा वाचा. तिथे जलपरीला राजपुत्राइतकाच अमर आत्माही हवा असतो आणि राजपुत्राशी तिचं लग्न होतच नाही. सिनेमाने काय गाळलं हे कळलं की पहिल्या गाण्यावर किती भार आहे ते लक्षात येतं.

आता आवाज. नागपूरच्या उन्हाळ्यात निम्मी अडचण कूलरची असते. पंखा फुल असला की त्याची एकसुरी घरघर हळू गायलेल्या ओळी आणि व्हायोलिनचे बारीक सूर गिळून टाकते. म्हणून आवाज वाढवावा, तर गाण्याच्या शेवटी सगळा वाद्यवृंद अंगावर येतो. खोली तासभर आधी थंड करून घ्या, मग कूलर स्लोवर टाका आणि कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन लावा. ब्लूटूथ हेडफोनात आवाज किंचित उशिरा पोहोचू शकतो. संवादात ते खपून जातं, गाण्यात ओठ आणि सूर वेगळे पडलेले लगेच खुपतात. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल, तर ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा ट्रॅक) ऐवजी स्टीरिओ ट्रॅक निवडा, नाहीतर बोलणं दबतं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय असतो. त्याचं नाव कंपनीगणिक बदलतं. तो आधी बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि हाताने काढलेलं चित्र बऱ्याचदा दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच घुसडतो, त्यामुळे रेषा फरफटल्यासारख्या दिसतात आणि चित्रकाराने मुद्दाम ठेवलेला ठहराव जातो. शार्पनेसही कमी करा, नाहीतर रेषांभोवती पांढरट कड उमटते. झूम तर अजिबात नको. १९५९ चा ‘स्लीपिंग ब्यूटी’ उंचीच्या अडीचपटीहून रुंद आहे. वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. पडदा भरायला गेलात, तर आयव्हिंड अर्ल यांच्या पार्श्वचित्रांच्या दोन्ही कडा कापल्या जातील, आणि या सिनेमात तीच तर पाहायची असतात. त्याचं संगीत रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या याच कथेवरच्या बॅलेवरून (नृत्यनाट्यावरून) घेतलंय. बॅले आधी ऐकून ठेवलात तर दुप्पट मजा.

भाषा: आधी मूळ इंग्रजी, इंग्रजी सबटायटल्ससह. हिंदी डबच्या गीतकाराला ओठांची हालचाल आणि मात्रा दोन्ही सांभाळावी लागतात, म्हणून अर्थ सरकतो. ती वेगळीच कारागिरी आहे, नंतर जरूर ऐका. थिएटरात जाणार असाल, तर तिकीट काढताना भाषा तपासा. रविवारची दुपार टाळा. आठवड्यातल्या दिवशी रात्रीचा खेळ, मधल्या ओळींपेक्षा थोडं मागे आणि बरोबर मध्यावरची खुर्ची.

घरच्यांना अख्खा सिनेमा दाखवू नका. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चं (१९९१) फक्त सुरुवातीचं गाणं दाखवा: गाव, नायिका, तिचं एकटेपण आणि तिच्यामागे लागलेला खलनायक, सगळं एकाच गाण्यात मांडून होतं. मात्र आवृत्ती पाहून लावा. २००२ मध्ये मूळ सिनेमातून वगळलेलं नोकरचाकरांचं एक गाणं परत जोडलं गेलं. गाणं सुरेख आहे, पण नायक-नायिका जवळ येत असताना लक्ष दुसरीकडे जातं. पहिल्यांदा १९९१ चीच आवृत्ती पाहा.