एक वही म्हणजे एकच सोर्स, त्यातल्या नोंदी कितीही असू द्या

भाऊ, तुम्ही विचारलंय की ग्रॅम्प्समधे, म्हणजे त्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधे, १८० माणसं भरून झाली, आता खासरा पाहणी (गावच्या जमिनीची नोंद), शाळेचं रजिस्टर आणि आत्यानं सांगितलेलं हे सगळं कसं टाकायचं, दर नोंदीला नवीन सोर्स करायचा का. नका करू. मी तेच केलं होतं, चारशेच्या वर सोर्स झाले आणि त्यातले साठेक नुसते 'खासरा' नावाचे, कोणता कुठला काही कळेना.

तहसीलचं रेकॉर्ड रूम ही रिपॉझिटरी, म्हणजे कागद ठेवलेली जागा. तुमच्या गावाचं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक हा एक सोर्स, एकदाच करायचा. आणि त्यातला अमुक सर्व्हे नंबर, अमुक पान, हे सायटेशन, म्हणजे नेमका संदर्भ. पणजोबा आणि चुलत पणजोबा एकाच सर्व्हे नंबरात असतील तर तेच सायटेशन दोघांना जोडायचं, परत टायपायचं नाही. फोटो पण माणसाला नाही, सायटेशनला चिकटवा.

आता खरी गोम. कागदावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं सायटेशनच्या नोटमधे उतरवा, तुमचा अर्थ वेगळा ठेवा. माझा किस्सा सांगतो. पणजोबांच्या मृत्यूची नोंद निजामाच्या काळातली, उर्दूत, एका ओळखीच्या मास्तरांनी वाचून दिली, साल १३४०. मी म्हटलं उर्दू आहे म्हणजे हिजरीच असणार, नेटवर कन्व्हर्ट केलं, १९२१-२२ आलं, तेवढंच भरलं आणि मूळ आकडा कुठंच लिहिला नाही. आजोबांचा जन्म १९२५ चा! म्हणजे बाप मेल्यावर तीन-चार वर्षांनी पोरगा जन्मला. घरात लई हसले लोक. दुसऱ्यांदा चक्कर मारली तेव्हा कळलं की ते फसली साल, म्हणजे महसुली वर्ष होतं. आपल्याकडं निजामाच्या महसुली कागदात फसलीच चालायचं, त्यात ५९० मिळवायचे, साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं म्हणून १३४० फसली म्हणजे १९३०-३१. आजर, बहमन, खुर्दाद असे महिने दिसले की समजा फसली. ग्रॅम्प्समधे इस्लामी कॅलेंडर आहे पण फसली नाही, म्हणून तारखेत १९३० ते १९३१ असं टाका आणि खालच्या टेक्स्टच्या रकान्यात '१३४० फसली' लिहून ठेवा. आणि उर्दू किंवा मोडी कुणी वाचून दिली, कधी दिली, ते पण लिहा, कारण वाचणारा चुकू शकतो.

शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचं वेगळंच. त्यात जन्मतारीख १ जून दिसली तर समजून घ्या, ती गुरुजींनी अंदाजे टाकलेली असायची शक्यता जास्त. पण बापाचं नाव, गाव, कोणत्या वर्षी नाव घातलं हे चांगलं धरता येतं. म्हणून एकाच नोंदीची दोन सायटेशन करा, जन्मतारखेला कॉन्फिडन्स (किती भरवसा धरायचा ते) लो आणि बाकीच्याला हाय. हे कुणी करत नाही, मी पण कंटाळा करायचो, पण नंतर कामाला येतं. २०२३ ला कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा आमच्या भावकीतले सगळे माझ्याकडं आले, आणि ज्यांचं गाव, रजिस्टर, पान लिहून ठेवलेलं होतं त्यांना नक्कल मागायला सरळ जाता आलं, बाकीच्यांना 'तहसीलमधे कुठंतरी पाहिली होती' एवढंच सांगता आलं.

आत्याचं सोपं आहे. सोर्सचं नाव 'आत्यांशी बोलणं', सायटेशनमधे तारीख आणि कुठं बसून बोललात ते, नोटमधे तिचेच शब्द. 'दुष्काळात गेले' म्हणाली तर तेच लिहा, तुम्ही १९७२ करू नका, दुष्काळ काय एकच पडलाय का आपल्याकडं. पुढच्या वेळी गेलात की विचारा, कोणत्या दुष्काळात, तेव्हा तुझं लग्न झालं होतं का.

बॅकअपला जेडकॉमवर (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) भिस्त ठेवू नका, त्यात काही गोष्टी गळतात. ग्रॅम्प्सचंच पॅकेज एक्स्पोर्ट घ्या, त्यात फोटो पण येतात.