परदेशी देणगी मैत्रिणीच्या खात्यावर घ्यावी का?

प्रश्न : आम्ही पाच चित्रकार-शिल्पकार चार वर्षांपासून कोल्हापुरात एका जुन्या छापखान्याच्या जागेत कलादालन चालवतो. नफा कुणीच घेत नाही. नोंदणी नाही; भाडं, वर्गणी, देणग्या सगळं एका मैत्रिणीच्या बचत खात्यातून चालतं. आता युरोपातली एक संस्था वर्षभराच्या उपक्रमासाठी ८ लाख रुपये देणार आहे. ते याच खात्यावर घ्यावेत, की ओळखीच्या एका एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत?

उत्तर : दोन्ही नको. पैसे पाठवू नका, असं त्या संस्थेला आजच कळवा.

परकीय योगदान नियमन कायदा, २०१० (एफसीआरए) हा फक्त संस्थांसाठी आहे, असा समज मी सतत ऐकते. निश्चित सांस्कृतिक कार्यक्रम चालवणाऱ्या व्यक्तीलाही केंद्रीय गृहमंत्रालयाच्या परवानगीशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही. तुमचं काम त्यात बसतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची होऊ शकते आणि पहिली चौकशी होईल ती खातं जिच्या नावावर आहे तिची. दुसऱ्या संस्थेची वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. आलेला परदेशी पैसा तिला पुढे कुणालाच देता येत नाही.

परदेशात राहणारे पण भारतीय पासपोर्ट असलेले मित्र स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतील, तर ती परदेशी देणगी नव्हे. नागरिकत्व बदललेल्यांची मात्र परदेशी धरली जाते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही.

आता संस्था काढाच. ट्रस्ट पाच जणांत होतो, पण विश्वस्त बहुधा वर्षानुवर्षं तेच राहतात आणि नव्या कलाकारांना आत यायला जागा उरत नाही. म्हणून मी १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची सोसायटी सुचवीन. त्याला किमान सात जण लागतात. आणखी दोघं शोधा. सोबत धर्मादाय कार्यालयात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागेल. पुढे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत त्याच कार्यालयात बदल अर्ज द्या. भांडण लागलं की आधी तोच तपासला जातो.

संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, लिहिताना एका कलमावर पुरेसा वेळ घालवा. तुमच्याकडे दालन चालवणारेच तिथे चित्रं लावतात, विकतात. पदाधिकाऱ्याला संस्थेतून वाजवीपेक्षा जास्त लाभ झाला तर करसवलत धोक्यात येते. तेव्हा दालन वापरायचा सगळ्यांना एकच दर, आणि ज्याचं प्रदर्शन त्याने त्या ठरावावर मत द्यायचं नाही, हे लेखी असू द्या.

नियमित एफसीआरए नोंदणीला साधारणपणे तीन वर्षं जुनी आणि त्या काळात १५ लाख खर्च केलेली संस्था लागते. नव्या संस्थेला मात्र एका देणगीदाराच्या एका प्रकल्पासाठी, त्याच्या लेखी हमीपत्रावर, पूर्वपरवानगी मागता येते. पैसे येतात ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावरच. यात महिने जातात, तोवर थांबायची तयारी आहे का, ते युरोपातल्या त्या संस्थेला विचारा.

आणि मैत्रिणीचं पासबुक याच आठवड्यात सीएला दाखवा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त विनामोबदला आले तर ती सगळी रक्कम तिचं उत्पन्न धरली जाऊ शकते. चार वर्षांच्या पावत्या आणि भाड्याच्या नोंदी सोबत न्या.