दाखल्यासाठी अर्ज करू नका

प्रश्न : मी नाशिकला राहते. नवऱ्याच्या मारहाणीमुळे गेल्या वर्षी मुलाला घेऊन माहेरी आले. मुलगा अकरा वर्षांचा, खाजगी अनुदानित शाळेत सहावीत आहे. घरातली मारहाण त्याने लहानपणापासून पाहिली, मध्ये पडून मारही खाल्ला. आता कुणी आवाज चढवला की तो अंगावर धावून जातो. मागच्या महिन्यात त्याने कंपासपेटी फेकली, एका मुलाच्या भुवईला टाके पडले. तेव्हापासून त्याला वर्गाबाहेर बसवतात. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘घरी पाहतो तेच करतो.’ मुख्याध्यापक म्हणतात, दाखला काढून न्या, नाहीतर काढून टाकू आणि पोलिसांतही कळवू. त्याचे वडील अधूनमधून शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहतात. काय करू?

उत्तर : ताई, दाखल्यासाठी अर्ज करू नका. कोऱ्या किंवा छापील, कुठल्याच कागदावर सही करू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा आली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच आहे. मुख्याध्यापकांना हे ठाऊक असतं, म्हणून ते अर्ज तुमच्याकडून मागतात. एकदा तो दिलात की दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं पडतं आणि आम्ही काढलंच नाही, असं म्हणायला शाळा मोकळी होते.

पोलिसांच्या धमकीने घाबरू नका. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचा अर्थ आणि परिणाम समजण्याइतकी परिपक्वता नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 21 नुसार तो गुन्हा ठरत नाही. शिवाय बाल न्याय कायद्याखाली अशा किरकोळ प्रकरणात मुलावर एफआयआर नोंदवत नाहीत, ठाण्याच्या डायरीत नोंद होते. त्याला कोठडीत तर ठेवताच येत नाही.

पण त्या दुसऱ्या मुलाला खरंच लागलं आहे. त्याच्या आईवडिलांना जाऊन भेटा, विचारपूस करा, दवाखान्याचा खर्च देऊ करा. त्यांच्याही लेकराला वर्गात सुरक्षित बसायचा हक्क आहे, आणि शाळेवर त्यांचाच दबाव असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता शाळेला पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. रोज वर्गाबाहेर बसवणं आणि घरातली गोष्ट चारचौघांत काढणं माझ्या मते मानसिक छळात मोडतं. कलम 29 तर अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवतानाही मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याचा विचार करायला सांगतं. ज्या मुलाने वर्षानुवर्षं चढलेल्या आवाजामागून हात उगारलेला पाहिला, त्याचं शरीर वर्गातला मोठा आवाजही धोकाच समजतं. शिक्षा वाढवली की भीती वाढते, आणि तुमचा मुलगा घाबरला की धावून जातो. म्हणून पत्रात नुसती तक्रार नको, मागणी स्पष्ट लिहा : त्याला वर्गात परत घ्या, समुपदेशकाची भेट ठरवा, घुसमटलं की ज्यांच्याकडे जाता येईल असे एक शिक्षक नेमून द्या, दंड धरून ओढू नका. त्याने घरात हिंसा पाहिली आहे आणि उपचार सुरू आहेत, एवढंच कळवा. डॉक्टरांचे कागद जोडू नका. उपचार अजून सुरू केले नसतील तर आधी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास आहे.

बाल न्याय कायद्याच्या कलम 75 मध्ये, मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी केलेल्या क्रूरतेला तुरुंगवासाची शिक्षा आहे. आज ते काढावं असं मला वाटत नाही. उद्या त्याच वर्गात, त्याच बाईंसमोर त्याला बसायचं आहे. पत्रानेही वागणूक बदलली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा. त्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा लागतो. तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

वडील फाटकाशी उभे राहतात, हे तुम्ही एका ओळीत लिहून गेलात. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ते आले त्या तारखा आणि मुलाचा तोल गेला त्या तारखा एका वहीत शेजारी शेजारी मांडून पाहा. त्या जुळल्या तर वही जपून ठेवा. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला नसेल तर त्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या मदतीने करा. त्यात मुलालाही पीडित म्हणून दाखवा आणि कलम 18 खाली वडिलांना शाळेत येण्यास मनाई मागा. आदेश मिळाला की प्रत मुख्याध्यापकांना द्या, म्हणजे फाटकावरच्या शिपायालाही काय करायचं ते कळेल.

शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे का, हे तुमच्या पत्रातून समजत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालानुसार अशा शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही. तसं असेल तर कलम 16, 17, 29 आणि 32 चा आधार घेता येणार नाही, मग बाल न्याय कायदा आणि गरज पडल्यास उच्च न्यायालय हा रस्ता धरावा लागेल. पत्र देण्यापूर्वी शिक्षण विभागात एवढी चौकशी करून घ्या.