रेडिएटर नवा, तरी काटा लालवर?

भावा, नवा रेडिएटर बसवूनही तवंदी घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा चढला म्हणून लगेच थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) काढून फेकू नकोस. कूलंटच्या वाटेत हवा अडकली असणार. गाडी पूर्ण गार होऊ दे. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलंस तर तोंड भाजून घेशील. नाक वर येईल अशी चढाला लाव, चाकामागे दगड ठेव, हीटर फुल गरमवर. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बारीक धारेनं ओत. (बोरचं पाणी मी एकदा खानापुरात ओतलं होतं, आत नुसता पांढरा थर!) झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर सोड. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. साधारण 85 अंशांना थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरचा खालचा होजही (रबरी पाइप) गरम लागतो. फॅन फिरून थांबला की झाकण लाव. सकाळी गार इंजिनवर पातळी परत बघ की.