वाचकांचे प्रश्न : संघटनेचे सदस्यत्व पदनामावर ठरते का?

आर्थिक वर्ष सुरू झाले की ठाणे आणि नवी मुंबईतील व्यावसायिक संघटनांच्या सदस्यनोंदणीची धांदलही सुरू होते. मनुष्यबळ व्यवस्थापन क्षेत्रातील स्थानिक संघटनांच्या पात्रतानियमांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि संघटनांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत. ज्यांनी पत्रासोबत नियमावलीची प्रत पाठवली, त्यांच्या उत्तरात तिच्यातील शब्दांचाच आधार घेतला आहे.

प्रश्न : महापे येथील यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आठ वर्षे नोकरी करते. कामगार आणि कर्मचारी मिळून आम्ही दीडशेच्या आसपास आहोत. नेमणूकपत्रात माझे पदनाम ‘अकाउंट्स अँड अ‍ॅडमिन एक्झिक्युटिव्ह’ असे आहे. परंतु स्वतंत्र एचआर (मनुष्यबळ) विभाग नसल्यामुळे हजेरी, रजा, पगार, पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), भरती आणि कामगारांच्या तक्रारी हे सर्व माझ्याकडेच येते. संघटनेच्या पूर्ण सदस्यत्वासाठी ‘मनुष्यबळ व्यवस्थापनातील किमान तीन वर्षांचा अनुभव व कामाच्या वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ त्या कामात’ अशी अट आहे. पदनाम जुळत नाही, असा शेरा मारून माझा अर्ज परत आला. मी काय करावे?

उत्तर : आपण पाठवलेल्या नियमावलीतील पात्रतेच्या कलमात पदनामाचा उल्लेखच नाही. रकाना आहे तो अर्जाच्या छापील नमुन्यात, आणि छाननी करणाऱ्यांनी कलमाऐवजी तो रकाना वाचला, असे दिसते. नमुना आणि नियमावली यांत तफावत असेल तर नियमावलीच ग्राह्य धरावी लागते. त्यामुळे अर्ज पुन्हा करावा आणि सोबतच्या पत्रात त्या कलमाचा क्रमांक आवर्जून लिहावा.

आता प्रश्न उरतो तो निम्म्या वेळेचा, आणि तो खरोखरच अवघड आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लहान कारखान्यांत एकाच टेबलावरून तीन-तीन खाती चालतात, हे छाननी समितीलाही ठाऊक असते. म्हणून एका महिन्याच्या कामाचा तक्ता करावा. पुरवठादारांची बिले, जीएसटी आणि बँकेची कामे एकीकडे. कँटीन, बस, सुरक्षारक्षक आणि झेरॉक्स यंत्राची दुरुस्ती दुसरीकडे. आणि माणसांशी संबंधित सर्व कामे तिसरीकडे लिहावीत. सात तारखेच्या आत पगार आणि पंधरा तारखेच्या आत पीएफ व ईएसआयचा भरणा, यांत महिन्याचा पूर्वार्ध बहुधा जातो. ही कामे कोणत्या रकान्यात घालायची यावरच बहुतेक अर्ज अडतात.

माझे मत असे आहे की हजेरीचे आकडे संगणकात भरून बेरीज जुळवणे हे हिशेबाचे काम आहे. परंतु कोणाचा ओव्हरटाइम धरायचा, कोणाची रजा बिनपगारी करायची, राजीनामा दिलेल्या कामगाराच्या अंतिम हिशेबातून काय वजा करायचे आणि काय करता येणार नाही, हे ठरवणे आणि ते त्या कामगाराला समोर बसवून समजावून सांगणे, हे निःसंशय मनुष्यबळ व्यवस्थापनाचे काम आहे. आपण दुसऱ्या प्रकारचे काम करत असाल तर तक्त्यात तसे स्पष्ट लिहावे. ‘पगाराचे काम’ असे मोघम लिहिल्यास समिती ते हिशेबातच टाकील.

यासोबत कारखान्याच्या लेटरहेडवर व्यवस्थापकांचे पत्र जोडावे. ‘या एचआरचे काम उत्तम रीतीने पाहतात’ अशा प्रशस्तीचा उपयोग होत नाही. कोणते काम, कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या अधिकाराने, हे त्यात यावे. आपल्या सहीने गेलेले नेमणूकपत्र, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत समितीवरील आपली नियुक्ती, एखाद्या खातेनिहाय चौकशीत व्यवस्थापनाच्या वतीने केलेले काम, यांपैकी जे असेल ते पुरावा म्हणून चालेल. मात्र प्रती जोडताना कामगारांची नावे, आधार क्रमांक आणि बँक खाती खोडून टाकावीत. काही अर्जदार उत्साहाच्या भरात संपूर्ण पगारपत्रकच जोडतात. दुसऱ्यांची माहिती सांभाळणे हेच ज्यांचे काम, त्यांच्याविषयी अशा अर्जामुळे कोणते मत होईल, ते निराळे सांगायला नको.

एवढे करूनही वेळ निम्म्याच्या खाली भरत असेल, तर तूर्त सहयोगी सदस्यत्व घ्यावे आणि कामाची विभागणी बदलताच पूर्ण सदस्यत्वासाठी अर्ज करावा.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझी नोकरभरतीची एजन्सी आहे. मला मतदानाचा हक्क नसलेले सहयोगी सदस्यत्वच मिळेल, असे संघटनेने कळवले. मनुष्यबळ क्षेत्रात माझी पंधरा वर्षे गेली आहेत. हा भेदभाव नाही का?

उत्तर : भेदभाव म्हणण्यापेक्षा हे वर्गीकरण आहे, आणि असे वर्गीकरण करण्याचा अधिकार संघटनेला आहे. संघ स्थापन करण्याच्या मूलभूत हक्कात आपण कोणासोबत संघ करायचा हे ठरवण्याचा हक्कही येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने हिंदी साहित्य संमेलनासंबंधीच्या १९७१ च्या निकालात मांडले होते. तेथे सरकारने कायदा करून बाहेरचे सदस्य संस्थेवर लादले होते आणि न्यायालयाने तो कायदा टिकू दिला नाही. खासगी संघटनेने स्वतःच्या नियमावलीनुसार सदस्यांचे वर्ग पाडले, तर त्याला आक्षेप घेणे कठीण आहे.

नियमामागचे कारणही समजण्यासारखे आहे. मासिक सभेला येणारा एचआर व्यवस्थापक हा आपल्या एजन्सीचा संभाव्य ग्राहक असतो. विकणाऱ्यांची संख्या विकत घेणाऱ्यांपेक्षा वाढली की व्यवस्थापक मंडळी सभेला फिरकेनाशी होतात आणि मागे केवळ व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण उरते. तरीही नियमावली सरसकट असू नये, असे मला वाटते. हजेरीची सॉफ्टवेअर किंवा विमा विकणारा आणि एखाद्या कंपनीची वेतनरचना ठरवून देणारा किंवा तिचे स्थायी आदेश, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींचे नियम, तयार करून देणारा सल्लागार, या दोघांना एकाच पंगतीत बसवणे योग्य नाही. आपल्या व्यवसायात भरतीखेरीज असे सल्लागाराचे काम होत असेल, तर त्याचे करारपत्र दाखवून फेरविचाराची विनंती करावी. केवळ उमेदवार पुरवण्याचे काम असेल, तर संघटनेचा निर्णय मला योग्य वाटतो.

प्रश्न : कळव्यातील एका मोठ्या कारखान्यातून मी कामगार कल्याण अधिकारी म्हणून निवृत्त झालो. ‘कल्याण अधिकारी म्हणजे एचआर नव्हे’ असे एका तरुण पदाधिकाऱ्याने मला तोंडावर सांगितले. माझा अनुभव धरला जाणार नाही का?

उत्तर : त्या तरुण पदाधिकाऱ्याने आपल्या व्यवसायाची वंशावळ एकदा वाचावी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९ ने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि या देशात कारखान्यातील माणसांचा विचार करणारे पगारी पद त्यातूनच सर्वदूर पोहोचले. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा अडीचशेवर आणण्यात आली. कोलकात्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट आणि मुंबईची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर मॅनेजमेंट या दोन संस्था १९८० मध्ये एकत्र येऊन आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट झाली. ‘लेबर’ आणि ‘पर्सोनेल’ यांचे नाते तेव्हाच जमले होते. आपला अनुभव शंभर टक्के धरला गेला पाहिजे.

आपली अडचण दुसरीकडे येऊ शकते. काही नियमावल्यांत ‘कार्यरत असलेली व्यक्ती’ असे म्हटलेले असते, तर काहींत ‘काम केलेली व्यक्ती’ असे. पहिली शब्दयोजना असेल तर निवृत्तांना पूर्ण सदस्यत्व मिळत नाही. निवृत्त सदस्यांचा स्वतंत्र वर्ग आहे का, ते पाहावे. बहुधा त्याची वर्गणीही कमी असते.

प्रश्न : मी खारघरच्या महाविद्यालयात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थी सदस्यत्व घेतले तर नोकरी लागल्यावर ते आपोआप पूर्ण सदस्यत्वात बदलते का?

उत्तर : सहसा बदलत नाही. विद्यार्थी सदस्यत्व अभ्यासक्रमाबरोबर संपते आणि पुढे अनुभवाची अट पुरी होईपर्यंत सहयोगी वर्गात थांबावे लागते. विद्यार्थी म्हणून घालवलेली वर्षे आणि इंटर्नशिप अनुभवात धरतात का, हे मात्र सदस्यत्व घेण्यापूर्वी लेखी विचारून ठेवावे.

प्रश्न : माझी वर्गणी कंपनी भरते. या वर्षी व्हाउचर अडकल्यामुळे एप्रिलची वर्गणी ऑगस्टअखेर जमा झाली. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘आपण तीन महिन्यांहून अधिक काळ थकबाकीदार होता’ असे सांगून मला मतदान करू दिले नाही. त्याच सभेत नवी कार्यकारिणी निवडली गेली. नेरूळच्या ज्या कार्यालयात मी आहे, ती नोकरी पुढील महिन्यात सोडत आहे. तेव्हा माझे सदस्यत्वही जाईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पावती कोणाच्या नावाने फाडली आहे ते पाहावे. आपल्या नावाने असेल तर पैसे कंपनीने भरले तरी सदस्यत्व आपलेच. संस्थात्मक सदस्यत्व असेल तर ते कंपनीचे आणि आपण केवळ तिचे प्रतिनिधी. नोकरी सोडताच कंपनी दुसऱ्याचे नाव कळवील.

मतदानाविषयी आपल्या पदाधिकाऱ्यांनी कायद्याचे अर्धेच वाक्य वाचलेले दिसते. आपली संघटना १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली आहे. त्याच्या कलम १५ नुसार, नियमाप्रमाणे दाखल होऊन ज्याने वर्गणी भरली किंवा सदस्यांच्या यादीवर सही केली आणि ज्याने राजीनामा दिलेला नाही, तो सदस्य. आणि ज्याची वर्गणी ‘त्या वेळी’ तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली असेल, त्याला मत देता येत नाही. सभेच्या दिवशी आपली काहीही थकबाकी नव्हती. तेव्हा या कलमाच्या आधारे आपल्याला रोखता येत नव्हते, असे माझे मत आहे. मात्र ‘सभेपूर्वी अमुक दिवस आधी वर्गणी जमा झाली पाहिजे’ असे कलम संघटनेच्या स्वतःच्या नियमावलीत असेल आणि आपली पावती त्यानंतरची असेल, तर आपली बाजू लंगडी पडेल. नियमावलीतील ती पाने आपल्या पत्रासोबत आलेली नाहीत. ती प्रथम मिळवावीत.

तसे कलम नसल्यास सचिवांना लेखी हरकत द्यावी आणि त्या दिवशीच्या मतदारयादीची प्रत मागावी. आपली संघटना सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असल्यामुळे कार्यकारिणीतील बदल महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. त्या बदल अर्जाच्या चौकशीत आपल्याला आक्षेप नोंदवता येतो, म्हणून सभेच्या तारखेपासूनचे दिवस मोजून ठाण्याच्या कार्यालयात अर्ज दाखल झाला आहे का, याची चौकशी करावी. जाताना वर्गणीची पावती, सभेची सूचना आणि सचिवांना दिलेल्या हरकतीची पोच सोबत न्यावी.